पाजायला शिकवणारे माणूस कुठे आहे?

आपल्याकडे बाळंतपण आता बहुतेक करून दवाखान्यातच होते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ७८.९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. यामागे आशाताईंची पायपीट आहे, रुग्णवाहिका आहेत, सरकारी योजना आहेत, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण याच दोन पाहण्यांच्या तक्त्यांत आणखी एक ओळ आहे. जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजलेल्या मुलांचे प्रमाण आधी ४१.६ टक्के होते, नंतर ४१.८ टक्के. बाळंतपण दवाखान्यात आले, बाळ मात्र आईच्या छातीपाशी वेळेत पोहोचले नाही. महाराष्ट्राचा आकडा तर जास्तच टोचतो. इथे २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली, आणि पहिल्या तासात पाजण्याचे प्रमाण मात्र ५७.५ टक्क्यांवरून ५३.२ टक्क्यांवर घसरले.

आयांना महत्त्व कळत नाही म्हणून असे होते का? मला तसे वाटत नाही. 'आईचे दूध अमृतासमान' हे वाक्य आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर वर्षानुवर्षे रंगवले जात आहे. ऑगस्टचा पहिला आठवडा आला की जागतिक स्तनपान सप्ताहाची पोस्टरे लागतात, भाषणे होतात, गरोदर बायकांची ओटी भरली जाते. २०१६ पासून केंद्र सरकारचा 'मा' नावाचा कार्यक्रम आहे. पहिले सहा महिने बाळाला आईचे दूधच द्यायचे, पाणीसुद्धा नाही, हे आज निरक्षर बाईही सांगते. तिला सांगणारे भरपूर आहेत. बाळ छातीला लागत नसेल, लागले तरी चटकन सोडून रडत असेल, भेगांतून रक्त येत असेल, तेव्हा तिच्या शेजारी बसून बाळाची मान कशी धरायची हे दाखवणारे माणूस मात्र नाही. पाजायला मदत करणे ही बाळंतपणाच्या सेवेचाच भाग आहे असे आपण मानले पाहिजे. नाळ कापणे आणि लस टोचणे जसे आईच्या हुशारीवर किंवा तिच्या माहेरच्या ऐपतीवर सोडलेले नाही, तसे हेही सोडता येणार नाही.

अडचण नेमकी कधी येते ते पाहिले तर हे जास्त पटते. पहिले दोन-तीन दिवस आईला येतो तो चीक. घट्ट, पिवळसर, आणि चमच्याने मोजावा इतका थोडा. बाळाचे पोट तेव्हा एवढेसे असते, त्याला तो पुरतो. भरपूर दूध उतरते ते साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. सिझेरियन झाले असेल, रक्तस्राव जास्त झाला असेल, आईला मधुमेह असेल, तर आणखी उशिरा. महाराष्ट्रात सिझेरियनचे प्रमाण याच दोन पाहण्यांच्या दरम्यान २०.१ टक्क्यांवरून २५.४ टक्क्यांवर गेले आहे, म्हणजे चारातली एक आई टाक्यांसकट पाजायला बसते. साध्या बाळंतपणानंतर दोन दिवसांत घरी सोडण्याची रीत आहे. त्यामुळे दूध उतरण्याची वेळ आणि दवाखान्यातून घरी जाण्याची वेळ एकच येते. छाती दगडासारखी होते, ताणून चपटे झालेले स्तनाग्र बाळाला धरता येत नाही, ते रडते, आईला ताप आल्यासारखे वाटते. घरातले कोणीतरी म्हणते, "पोट भरत नाहीये त्याचं." अशा रात्री दोन वाजता जवळपास उघडे असते ते औषधांचे दुकान, आणि तिथे पावडरीचा डबा मिळतो.

त्यानंतर काय होते हे बहुतेक घरांनी पाहिलेले आहे. बाळ बाटलीने पोटभर पिते आणि चार तास झोपते. सगळ्यांना हायसे वाटते. पण दूध तयार होण्याचा नियम मागणीचा आहे. बाळ जितके ओढते, छाती जितकी रिकामी होते, तितके नवे दूध बनते. बाळ झोपले, छाती भरलेली राहिली, तर शरीराला कळते की एवढ्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी थोडे कमी दूध, म्हणून थोडी जास्त पावडर. दोन-तीन आठवड्यांत "हिचं दूध आटलं" असा निवाडा होतो. तो आईच्या अंगावर लागतो, कधी तिच्या खाण्यावर, कधी तिच्या 'टेन्शन घेण्या'वर, कधी नोकरीवर. यातल्या बहुसंख्य बायकांचे दूध आटलेले नव्हते. त्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी साचलेले दूध हाताने थोडे पिळून काढून छाती मऊ कशी करायची आणि मग बाळाला कसे लावायचे, हे दाखवायला कोणी आले नव्हते, एवढेच.

आता ही मदत म्हणजे नेमके काय, हे सांगायला हवे, कारण 'स्तनपान सल्लागार' म्हटले की अनेकांना ती शहरी चोचल्यांची गोष्ट वाटते. सगळा खेळ पकडीचा आहे. बाळाने नुसते स्तनाग्र तोंडात धरले तर दूध नीट येत नाही आणि आईला भेगा पडतात. त्याने जांभईएवढे तोंड उघडून भोवतीचा काळा भाग, त्यातही खालच्या बाजूचा जास्त, तोंडात घ्यावा लागतो. हनुवटी छातीला टेकलेली, नाक मोकळे, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. वाचायला सोपे आहे. टाके ओढत असताना, दोन रात्री झोप नसताना, अडीच किलोचे मान न धरणारे बाळ हातात घेऊन हे पहिल्यांदा करून पाहणाऱ्या बाईसाठी ते अजिबात सोपे नाही. आयआयटी मुंबईच्या 'सितारा' केंद्रातल्या डॉ. रूपल दलाल यांनी पाजण्याच्या या तंत्राची ४५ मुद्द्यांत मांडणी केली आहे आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना ते शिकवले आहे. 'स्पोकन ट्युटोरियल' या संकेतस्थळावर त्याचे मराठी व्हिडिओ फुकट पाहता येतात. ४५ मुद्दे म्हटल्यावर काही जण हसतात. मला त्यात या कामाचा मान दिसतो. ज्या गोष्टीला आपण 'आपोआप जमते' म्हणून सोडून दिले, ती शिकण्यासारखी आणि शिकवण्यासारखी आहे, हे कोणीतरी इतक्या गंभीरपणे घेतले.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात मी हे जवळून पाहिले. सिझेरियन झालेले. पाजताना ती दरवेळी दात-ओठ खायची. दवाखान्यात राउंडला येणारे सगळे विचारायचे, "पाजताय ना?" ती हो म्हणायची आणि तशी नोंद व्हायची. पाजताना कोणी पाहिले नाही. घरी आल्यावर आईच्या ओळखीतल्या एक निवृत्त सिस्टर आल्या. आल्या आल्या काही सांगायच्या ऐवजी त्या शांतपणे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "बाळाकडे तू वाकतेस, बाळाला तुझ्याकडे आण." पाठीला उशी दिली. कोपराच्या बाकात असलेले बाळाचे डोके काढून त्याची मान विरुद्ध हाताच्या तळव्यात धरायला लावली, नाक स्तनाग्रासमोर आणून त्याने तोंड मोठे उघडेपर्यंत थांबायला सांगितले. दोनदा फसले, तिसऱ्यांदा धरले. "आता घोट ऐक," त्या म्हणाल्या. बहिणीचा चेहरा सैल झाला तो मला अजून आठवतो. पाऊण तासाचे काम होते. पैसे त्यांनी घेतले नाहीत, आणि हीच मला अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. एका बाळाचे सहा महिन्यांचे अन्न 'आईच्या ओळखीतल्या एक सिस्टर' असण्यावर अवलंबून असावे, ही काही व्यवस्था नव्हे.

"आमच्या आज्यांना कुठे होत्या सल्लागार?" हा प्रश्न हमखास येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. आज्यांना सल्लागार होत्या. सुईण होती, ती बारशापर्यंत रोज येऊन बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायची आणि छातीत गाठ झाली तर तिच्या हाताला कळायची. घरात जावा होत्या, त्यातल्या एकीच्या मांडीवर मूल असायचेच. लग्न होऊन आलेल्या मुलीने पाजणे शेकडो वेळा पाहिलेले असायचे. आजची मुलगी स्वतःच्या बाळाला पाजते तेव्हा कित्येकदा आयुष्यात पहिल्यांदाच जवळून पाजणे पाहत असते. आणि ज्या आईकडे ती माहेरी बाळंतपणाला जाते, त्या आईनेही ऐंशी-नव्वदच्या दशकात पावडरीवर मुले वाढवलेली असू शकतात. त्या पिढीला डब्यावरचे गुटगुटीत बाळ दाखवले गेले होते, आणि तिला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. दुसरे असे की जुन्या रीतीत सगळे चांगलेच होते असेही नाही. चीक वाईट म्हणून पिळून टाकायचे, मध चाटवायचे, गुटी द्यायची, पहिले पाजणे लांबवायचे. त्या काळी किती तान्ही मुले दगावत, हे आपण आठवणींच्या ओघात विसरतो. म्हणून आजीकडे परत जा असे मी म्हणणार नाही. आजीच्या काळी बाळंतिणीभोवती जी माणसे असत, ती जागा रिकामी झाली आहे. ती आजच्या ज्ञानाने भरायला हवी.

ती रिकामी जागा पाहून दुसरे कोणी आत आलेच. बालदुधाची जागतिक बाजारपेठ वर्षाला सुमारे ५५ अब्ज डॉलरची असल्याचे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ मध्ये सांगितले. भारताने या बाबतीत जगाच्या पुढे पाऊल टाकले होते. १९९२ चा कायदा आणि २००३ ची दुरुस्ती यांनी दोन वर्षांखालच्या बाळांसाठीच्या दूधपावडरीची, बाटल्यांची, खाद्याची जाहिरात बंद केली. फुकट नमुने वाटणे, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी देणे, दवाखान्यात पोस्टर लावणे, सगळ्याला मनाई आहे. या चळवळीशी महाराष्ट्राचे जवळचे नाते आहे; स्तनपानासाठी काम करणारे 'बीपीएनआय' हे देशव्यापी जाळे १९९१ च्या डिसेंबरात वर्ध्याला स्थापन झाले. पण कायदा डब्याची जाहिरात थांबवू शकतो, डब्याची गरज निर्माण होणे थांबवू शकत नाही. बाळंतपणाला येताना आणायच्या सामानात झबली-दुपट्ट्यांबरोबर कोणी पावडरीचा डबाही सांगत असेल, तर तिथे कंपनीच्या जाहिरातीची गरजच उरत नाही. तो डबा ४०० ग्रॅमचा असतो आणि महिन्याच्या बाळाला आठवडाभरही पुरत नाही. ज्या घरात रोजंदारीवर चूल पेटते तिथे मग पावडर पातळ केली जाते, पाणी उकळायला गॅस पुरवून वापरला जातो, आणि जुलाबाने बेजार झालेले बाळ घेऊन आई पुन्हा त्याच दवाखान्यात येते.

मी हे लिहिते तेव्हा एक धोका मला दिसतो, आणि तो मला लहान वाटत नाही. आईच्या दुधाची महती सांगता सांगता आपण बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. काही बायकांना खरोखरच पुरेसे दूध येत नाही. वारेचा तुकडा गर्भाशयात राहिलेला असतो, थायरॉइडचा त्रास असतो, बाळंतपणात खूप रक्त गेलेले असते, स्तनांवर शस्त्रक्रिया झालेली असते, किंवा दूध बनवणाऱ्या ग्रंथीच कमी वाढलेल्या असतात. काही बाळांना जिभेखालचा पडदा आखूड असल्यामुळे ओढता येत नाही. काही आयांना अशी औषधे चालू असतात की पाजणे योग्य नसते. आणि काही जणी बाळंतपणानंतरच्या नैराश्यात इतक्या खोल गेलेल्या असतात की आधी त्यांना सावरणे महत्त्वाचे. यांच्यासमोर 'आईचे दूध अमृत' हे वाक्य म्हणणे क्रूर आहे. ते बाळालाही धोक्याचे असते. 'फक्त आईचेच दूध' या सूचनेवर विश्वास ठेवून बसलेल्या आईचे बाळ प्रत्यक्षात काहीच गिळत नसेल, तर ते सुस्त होत जाते, रडणेही कमी होते, आणि घरच्यांना वाटते की बाळ शांत झाले. उन्हाळ्यात अशी बाळे रक्तातले सोडियम वाढून, पार सुकून दवाखान्यात येतात.

यावर उपाय घोषणा मागे घेण्याचा नाही, आणि सरसकट डबा देण्याचाही नाही. शिकलेले माणूस पाजताना पाहते, वजन करते, लघवी मोजायला सांगते. पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरते, पण जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त उतरले तर थांबून विचार करायला हवा. दोन आठवड्यांच्या आत ते भरून यायला हवे. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी हवी. असे माणूस जसे "आणखी काही देऊ नका, दूध पुरतंय" असे ठामपणे सांगू शकते, तसेच "आज बाळाला वरचं दूध लागेल, वाटी-चमच्यानं द्या, आणि तोवर दर तीन तासांनी छाती रिकामी करत राहा" असेही सांगू शकते. दुसरे वाक्य बोलण्याचे धैर्य आणि ज्ञान ज्याच्याकडे नाही, त्याच्या पहिल्या वाक्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

हे सगळे नव्याने शोधायचे आहे असेही नाही; निम्मे आपल्याच दारात आहे. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले, आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यावरून देशभर आशाताईंच्या घरभेटी आल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी. या तारखा पुन्हा वाचा. पहिली भेट तिसऱ्या दिवशी आहे, म्हणजे दूध उतरण्याच्या ऐन वेळी. कागदावर यापेक्षा चांगले वेळापत्रक करता येणार नाही. पण या सगळ्या भेटी मिळून २५० रुपये मोबदला ठरवला गेला. वजनकाटा, थर्मामीटर, फॉर्म, लसीकरणाची आठवण, इतर दहा सर्वेक्षणे हे सगळे तिच्याच पिशवीत. अशा बाईने एका बाळंतिणीजवळ तासभर बसून पकड दुरुस्त करावी ही अपेक्षा करायची, तर तिला तेवढा वेळ, तेवढे शिक्षण आणि तेवढे पैसे द्यावे लागतील. आणि कोथरूड-ठाण्याच्या सोसायटीत राहणाऱ्या, खासगी दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे तर सहसा कोणी आशा येतच नाही. तिच्याकडे पैसे आहेत म्हणून मदतही आहे असे आपण गृहीत धरतो.

दवाखान्यांतही पाया घातलेला आहे. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली, त्यामागे डॉ. अर्मिडा फर्नांडिस होत्या. कमी दिवसांच्या, अतिदक्षता विभागातल्या किती बाळांना त्या दुधाने जगवले असेल. २०१७ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. मोठ्या रुग्णालयांत दुग्धपेढीसह केंद्रे, त्याखालच्या रुग्णालयांत आईचेच दूध काढून बाळाला देण्याची सोय, आणि जिथे जिथे बाळंतपण होते त्या प्रत्येक ठिकाणी स्तनपान साहाय्य कक्ष. या तीन पायऱ्यांतली शेवटची सगळ्यात स्वस्त आहे. तिला यंत्र लागत नाही, शीतकपाट लागत नाही, फीत कापण्याजोगे तिथे काही नसते. एक खोली किंवा पडदा लावलेला कोपरा, दोन उशा, आणि एक माणूस लागते, ज्याचे कामच हे आहे. प्रसूती विभागातल्या नर्सवर हे जास्तीचे काम म्हणून टाकले तर ते होणार नाही. रात्रपाळीला एकटी नर्स तीस खाटा सांभाळते तेव्हा ती "पाजताय ना?" एवढेच विचारू शकते, आणि यात तिची चूक नाही.

हिरकणीचे नाव आपण एस.टी. स्थानकांतल्या आणि कचेऱ्यांतल्या स्तनपान कक्षांना दिले आहे. कक्ष हवेतच. उघड्यावर, पदराआड, गर्दीत पाजण्याची वेळ कोणावर येऊ नये. पण हिरकणीच्या गोष्टीकडे मी थोडे वेगळे पाहते. गडाचा दरवाजा बंद झाला, बाळ खाली घरी, आणि ती काट्याकुट्यांतून कडा उतरली. पिढ्यान्‌पिढ्या आपण तिच्या धाडसाचे कौतुक करत आलो, ते योग्यच आहे. तरीही ज्या समाजात आई होण्यासाठी कडा उतरावा लागतो, त्या समाजाने दरवाजाच्या वेळेबद्दलही बोलले पाहिजे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आली, ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा आली. हा कायदा चांगला आहे आणि तो मोजक्या बायकांपर्यंत पोहोचतो. बीडहून ऊसतोडीला गेलेल्या बाईला उचल फेडायची असते. तिचे बाळ फडाच्या कडेला साडीच्या झोळीत असते आणि कोयता थांबला की दिवसाचा हिशेब बुडतो. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला दीड महिन्यात कामावर जावे लागते, नाहीतर घरे दुसरीकडे जातात. या बायकांना मदत म्हणजे नुसती पकड दाखवणे नव्हे. त्यांना पैसे, वेळ आणि सावली हवी. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेतून मिळणारे ५,००० रुपये सहा महिन्यांच्या मजुरीच्या जागी उभे राहू शकत नाहीत, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

खर्चाचा प्रश्न निघेल, तर नेदरलँड्सचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथे बाळंतपणानंतरचे आठ-दहा दिवस प्रशिक्षित मदतनीस रोज काही तास घरी येते, आई-बाळाला तपासते, पाजायला मदत करते, आणि ही सेवा मूलभूत आरोग्य विम्यात बसते. आपण तेवढे श्रीमंत नाही. पण आपल्याकडे तिसऱ्या दिवशी दारात येणारी बाई आधीच आहे, बहुतेक तालुक्यांत ग्रामीण रुग्णालय किंवा त्याहून मोठे काहीतरी आहे, आणि परिचारिका अभ्यासक्रम शिकलेल्या, कामाच्या शोधात असलेल्या मुलीही आहेत. 'लॅन्सेट'च्या २०१६ च्या लेखमालेत असे मांडले होते की स्तनपान जवळजवळ सार्वत्रिक झाले तर जगात दरवर्षी पाच वर्षांखालच्या ८,२३,००० मुलांचे आणि स्तनाच्या कर्करोगाने जाणाऱ्या २०,००० बायकांचे प्राण वाचतील. यातला भारताचा वाटा मोठा असणार. एका तालुक्याला दोन पूर्णवेळ स्तनपान मदतनीसांचा पगार यापुढे काहीच नाही.

सुरुवात मोजण्यापासून करता येईल. आज सरकारी अहवालात एक रकाना असतो, 'एका तासात स्तनपान दिले', आणि तो हो-नाहीने भरतो. त्याच्या जोडीला दोन रकाने हवेत. एक, घरी सोडण्याआधी प्रशिक्षित व्यक्तीने किमान एक पूर्ण पाजणे स्वतः पाहिले का. दोन, सातव्या दिवशी बाळाचे वजन किती. जे मोजावे लागते त्यासाठी दवाखाना माणूस ठेवतो, हा आपला अनुभव आहे. लसीकरणाचे तसेच झाले. खासगी दवाखान्यांनी बाळंतपणाच्या पॅकेजमध्ये खोलीचा दर्जा आणि बाळाचे फोटोशूट घालण्याआधी पहिल्या आठवड्यातल्या दोन घरभेटी घालाव्यात, आणि विमा कंपन्यांनी त्या भेटींचे पैसे द्यावेत. यशस्वी स्तनपानासाठी दवाखान्यांनी काय करावे हे सांगणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या दहा पायऱ्यांतली २०१८ ची शेवटची पायरी हेच सांगते, की घरी सोडतानाच पुढची मदत कुठे मिळेल याची तजवीज झालेली असावी.

आणि हे होईपर्यंत, ज्यांच्या घरी सातवा-आठवा महिना चालू आहे त्यांनी दवाखान्यात एक प्रश्न आताच विचारायला हरकत नाही. "पाजताना अडलं तर तुमच्याकडे कोण आहे, आणि घरी गेल्यावर कोणाला फोन करायचा?" नाव आणि नंबर मिळाला तर तो फ्रिजवर चिकटवून ठेवावा. मिळाला नाही तर डॉक्टरांना सांगावे की आम्हाला हे हवे आहे. दहा घरांनी विचारले तर अकराव्या घरासाठी दवाखाना कोणाला तरी नेमतो.